मत गुप्त, वस्ती उघडी

दलितांच्या मताविषयी आपल्याकडे जे बोलले जाते ते बहुधा निवडणुकीच्या तोंडावर, आणि तेही बेरीज-वजाबाकीच्या भाषेत. अमुक मतदारसंघात दलितांची मते किती, ती फुटणार की एकगठ्ठा पडणार, कुणाच्या पारड्यात जाणार, याची चर्चा वर्तमानपत्रांतून भरपूर होते. मत मोजले जाते. मात्र मत दिल्यानंतर त्या माणसाच्या वाट्याला काय आले, हे मोजण्याची रीत आपल्या राजकीय चर्चेत नाही. प्रस्तुत लेखात हा दुसरा प्रश्न घ्यावयाचा आहे.

मताचा हक्क म्हणजे एका दिवशी एक बटण दाबणे, एवढीच त्याची व्याप्ती नाही. यादीत नाव असणे, मतदानाच्या दिवशी गावात असणे, धाकाशिवाय मत देणे, स्वतः उमेदवार म्हणून उभे राहता येणे, निवडून आल्यावर कारभार करता येणे आणि निकालानंतर त्याच गावात निर्धास्तपणे राहता येणे, या साऱ्यांचा मिळून हा हक्क होतो. यांपैकी एक जरी गोष्ट हिरावली गेली, तरी घटनेतील कलम जागच्या जागी राहते आणि हक्क मात्र निघून जातो.

१. जातीचे नाव न घेता जात

आपल्या तरुण विद्यार्थ्यांत असा एक समज आढळतो की, मताधिकार स्वातंत्र्याबरोबर आपोआप आला. वस्तुस्थिती तशी नाही. २७ जानेवारी १९१९ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी साउथबरो समितीपुढे साक्ष दिली, तेव्हा ते सत्तावीस वर्षांचे होते आणि सिडनहॅम कॉलेजात नुकतेच प्राध्यापक झाले होते. त्या काळी मताचा हक्क मालमत्ता, शेतसारा, कर अशा अटींवर अवलंबून होता. या अटींत जातीचा उल्लेख कुठेही नव्हता. परंतु ज्या समाजाला गावगाड्याने जमिनीपासून दूर ठेवले, वतनाच्या तुकड्याच्या बदल्यात साऱ्या गावाची चाकरी करायला लावली, त्या समाजाला मालमत्तेची अट घालणे म्हणजे जातीचीच अट घालणे होय. अट सर्वांना सारखी होती; तिने वगळले मात्र ठरावीक माणसांनाच. ही युक्ती नीट समजून घेतली पाहिजे, कारण पुढच्या शंभर वर्षांत ती निरनिराळे वेष घेऊन पुन्हा पुन्हा आली आहे.

१९२८ साली सायमन कमिशनपुढे बाबासाहेबांनी प्रौढ मताधिकाराची मागणी केली. त्यांच्या मांडणीतील तर्क आजही अभ्यासण्यासारखा आहे. प्रत्येक प्रौढ माणसाला मत मिळणार असेल, तर राखीव जागांसह संयुक्त मतदारसंघ चालतील. ते मिळणार नसेल, तर स्वतंत्र मतदारसंघ हवेत, अशी त्यांची भूमिका होती. याचा अर्थ असा की, मतदारसंघाचा प्रश्न त्यांच्या दृष्टीने तत्त्वज्ञानाचा नव्हता, संरक्षणाचा होता. पुढे ऑगस्ट १९३२ मधील जातीय निवाड्याने अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ दिले. गांधीजींच्या उपोषणानंतर २४ सप्टेंबर १९३२ रोजी येरवड्यात पुणे करार झाला. प्रांतिक कायदेमंडळांतील ७१ जागांऐवजी १४८ राखीव जागा आल्या, परंतु अंतिम निवड साऱ्या मतदारांच्या हाती गेली. जागा वाढल्या आणि त्या जागांवर कोण बसावे हे ठरविण्याची सत्ता कमी झाली.

२६ जानेवारी १९५० पासून घटनेच्या ३२५ आणि ३२६ या कलमांनी एकच मतदार यादी आणि प्रौढ मताधिकार दिला. जगातील अनेक देशांनी जे टप्प्याटप्प्याने, कुरकुरत दिले, ते आपल्या घटनेने एका झटक्यात दिले, हे निर्विवाद. पण ज्यांनी ही घटना घडविली त्या बाबासाहेबांचा १९५२ च्या निवडणुकीत उत्तर मुंबईत आणि १९५४ च्या पोटनिवडणुकीत भंडाऱ्यात पराभव झाला. राखीव जागा असणे आणि चळवळीचा माणूस निवडून येणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हा धडा तेव्हाच मिळाला. आपल्या जिल्ह्यातील शिर्डी लोकसभा मतदारसंघ २००९ पासून अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. त्याच पहिल्या निवडणुकीत रामदास आठवले तेथून पराभूत झाले. एखाद्या नेत्याच्या राजकारणाविषयी आपले मत काहीही असो, राखीव मतदारसंघातील उमेदवाराने आपल्या समाजाचे प्रश्न किती जोराने मांडायचे याची मर्यादा बिगरदलित बहुमत ठरविते, हे यातून नाकारता येत नाही.

२. अमेरिकेचा दाखला कशासाठी

आपल्या चळवळीने अमेरिकेतील कृष्णवर्णीयांकडे वारंवार पाहिले आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामीच्या उच्चाटनासाठी झटणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना. त्याच जोतीरावांना मुलींच्या शिक्षणाची प्रेरणा मिळाली ती आपल्या नगरात अमेरिकन मिशनच्या मिस फॅरार चालवीत असलेल्या शाळेतून. १९४६ साली बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहून कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची माहिती मागविली. १९७२ साली मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने तर नावच तिकडून घेतले. तेव्हा हा दाखला परका नाही.

अमेरिकेच्या घटनेतील पंधराव्या दुरुस्तीने १८७० मध्येच वर्णावरून मताधिकार नाकारण्यास बंदी केली होती. मग दक्षिणेकडील राज्यांनी काय केले? त्यांनी वर्णाचे नाव घेणे सोडून दिले. मत देण्यासाठी कर भरावा लागेल, असा नियम केला. वाचता-लिहिता येते की नाही आणि राज्यघटनेचा अर्थ सांगता येतो की नाही याची परीक्षा ठेवली, आणि उत्तर बरोबर की चूक हे ठरविण्याचे काम गोऱ्या नोंदणी अधिकाऱ्याकडे दिले. आजोबा मतदार असतील तर नातवाला सूट, असेही काही ठिकाणी ठरविले. गुलामांचे आजोबा मतदार असणार कुठून? साउथबरो समितीच्या काळातील मालमत्तेची अट आणि ही परीक्षा या सख्ख्या बहिणी आहेत.

७ मार्च १९६५ रोजी अलाबामातील सेल्मा येथे मताधिकारासाठी निघालेल्या मोर्चावर पोलिसांनी लाठ्या चालविल्या. साऱ्या देशाने ते दूरचित्रवाणीवर पाहिले आणि त्याच वर्षी ६ ऑगस्टला मताधिकार कायदा झाला. मिसिसिपी राज्यात तोवर शंभर पात्र कृष्णवर्णीयांपैकी सातांचीही नावे यादीत नव्हती. दोन वर्षांत हे प्रमाण साठाच्या घरात गेले. माणसे तीच होती, शिक्षण तेच होते. बदलला तो कायदा.

या कायद्याचे मर्म त्याच्या पाचव्या कलमात होते. ज्या राज्यांचा इतिहास भेदभावाचा आहे, त्यांनी निवडणुकीच्या नियमांत कोणताही बदल करण्यापूर्वी केंद्राची मंजुरी घ्यावी, असे ते कलम सांगे. मतदान केंद्र हलवायचे असो की प्रभागाची हद्द बदलायची असो, त्याने अल्पसंख्य मतदारांचे नुकसान होणार नाही हे बदल करणाऱ्याने आधी सिद्ध करावयाचे. अन्याय झाल्यावर पीडिताने कोर्टाचे उंबरठे झिजवावेत, ही नेहमीची रीत या कलमाने उलटी केली. २५ जून २०१३ रोजी शेल्बी काउंटी खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी, कोणत्या राज्यांना हे बंधन लागू व्हावे हे ठरविणारी तरतूद रद्द केली, आणि पाचवे कलम निर्जीव झाले. परिस्थिती सुधारली आहे, असे बहुमताचे म्हणणे. त्यावर न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी आपल्या विरोधी निकालपत्रात म्हटले की, आपण भिजत नाही म्हणून भर पावसात छत्री फेकून देण्यासारखे हे आहे. निकाल लागला त्याच दिवशी टेक्सासने मतदाराच्या ओळखपत्राविषयीचा आपला अडवून ठेवलेला कठोर कायदा लागू करण्याची घोषणा केली.

‘आता कुठे राहिली आहे जात?’ असे विचारणाऱ्यांना हा इतिहास सांगितला पाहिजे. संरक्षणामुळे परिस्थिती सुधारते, आणि सुधारलेली परिस्थिती दाखवून संरक्षणच काढून घेतले जाते.

३. वस्तीचे मत

आता आपल्या गावाकडे येऊ. माझ्या वर्गात जामखेड, पाथर्डी, शेवगावकडची मुले येतात. सावेडीत चार-चार जण मिळून खोली घेतात आणि शिकतात. आमच्या घरातला मीही पहिलाच पदवीधर, त्यामुळे त्यांचे बोलणे मला परके वाटत नाही. राज्यशास्त्राच्या तासाला गुप्त मतदानाचे तत्त्व शिकवीत असताना एका मुलाने विचारले, “सर, मत गुप्त असतं, मग आमच्या वस्तीनं कुणाला मत दिलं हे संध्याकाळपर्यंत गावाला कसं कळलं?” त्याच्या गावात ग्रामपंचायतीच्या निकालानंतर वस्तीवरच्या बायकांना खुरपणीला बोलावणे बंद झाले होते. कुणी शिवी दिली नाही, कुणी हात उगारला नाही. फक्त कामाचा निरोप आला नाही.

पाठ्यपुस्तकात या प्रश्नाचे उत्तर नाही, निवडणुकीच्या कार्यपद्धतीत मात्र आहे. आपली मतमोजणी मतदान केंद्रनिहाय होते. विधानसभा आणि लोकसभेच्या निकालानंतर प्रत्येक केंद्रावर कोणत्या उमेदवाराला किती मते पडली, याचा तक्ता नमुना २० मध्ये तयार होतो आणि तो कुणालाही पाहता येतो. ग्रामपंचायतीचा प्रभाग तर काही शे मतदारांचाच असतो. गावात वस्ती जातीनुसार वसलेली, मतदान केंद्र वस्तीनुसार ठरलेले. तेव्हा केंद्राचा आकडा म्हणजे जातीचा आकडा. माणसाचे मत गुप्त राहते, वस्तीचे मत उघडे पडते. आणि आपल्या गावात बदला घेतला जातो तो एकट्या माणसावर नव्हे, वस्तीवरच.

कायदा करणाऱ्यांना हे ठाऊक नव्हते असे नाही. कागदी मतपत्रिका होत्या तेव्हा निवडणूक नियमांतील ५९-अ या नियमान्वये, मतदारांना धाक किंवा छळ होण्याची भीती असेल तेथे सगळ्या पेट्यांतील मतपत्रिका एकत्र मिसळून मोजण्याचा आदेश आयोग देऊ शकत असे. मतदान यंत्रे आली आणि ही सोय गेली, कारण प्रत्येक यंत्र आपला आकडा वेगळा सांगते. यावर उपाय म्हणून अनेक यंत्रांतील मतांची एकत्र बेरीज देणारे ‘टोटलायझर’ नावाचे उपकरण तयार झाले. निवडणूक आयोगाने २००८ मध्ये ते वापरण्याची शिफारस केली. कायदा आयोगाने मार्च २०१५ च्या २५५व्या अहवालात तिला दुजोरा दिला. केंद्र सरकारने ती स्वीकारली नाही. केंद्रनिहाय आकडे कळले म्हणजे कुठे अधिक काम करायला हवे हे उमेदवारांना समजते, असे त्यामागचे कारण सांगण्यात आले. ज्या आकड्यावरून उमेदवाराला काम कुठे करायचे ते कळते, त्याच आकड्यावरून नळ कुठला तोडायचा तेही कळते, हे मात्र कुणी बोलले नाही. दलित चळवळीच्या मागणीपत्रांत टोटलायझरचा उल्लेख ठळकपणे यावयास हवा. तो येत नाही.

४. बिनविरोधाचा गोडवा

वस्तीचे उघडेपण टाळण्याचा दुसरा, अधिक सभ्य दिसणारा मार्ग म्हणजे मतदानच होऊ न देणे. ‘गावाची एकजूट’, ‘खर्च वाचला’, ‘भांडण टळले’, अशा शब्दांत बिनविरोध निवडणुकीचे कौतुक होते. २०२० च्या अखेरीस ग्रामपंचायतींच्या निवडणुका लागल्या, तेव्हा बिनविरोध निवड करणाऱ्या गावांना लाखांचा विकासनिधी देण्याच्या घोषणा काही आमदारांनी केल्या. आदर्श गाव म्हणून गाजलेल्या आपल्या हिवरे बाजारला जानेवारी २०२१ मध्ये तीस वर्षांनी प्रथमच ग्रामपंचायतीसाठी मतदान झाले. कोणत्याही एका गावाच्या हेतूवर शंका घेण्याचे येथे कारण नाही. प्रश्न पद्धतीचा आहे. चावडीवर किंवा देवळात सर्वांसमक्ष जी संमती मागितली जाते, तेथे ज्याची भाकरी दुसऱ्याच्या शेतावर अवलंबून आहे तो ‘नाही’ कसे म्हणणार? मतपेटीने त्याला निदान एक पडदा दिला होता. बिनविरोध निवडणूक तो पडदा काढून घेते.

त्याच वेळी नाशिक जिल्ह्यातील उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी येथे सरपंचपदाचा लिलाव झाल्याचे उघडकीस आले आणि राज्य निवडणूक आयोगाने जानेवारी २०२१ मध्ये तेथील निवडणूक रद्द केली. बोली लागली की मालमत्तेची अट मागच्या दाराने परत आली, असे समजावे.

५. यादीतले नाव

वस्तीचे मत उघडे पडण्याचा प्रश्न मत पडल्यावर येतो. पण मुळात मत पडते का? आपल्या जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यातून दरवर्षी दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडतात. त्यांत दलित, बंजारा, वंजारी, भूमिहीन असे सारेच असतात. मुकादमाची उचल घेतली की कोयता चालेल तोवर माणूस फडावर बांधला जातो. विधानसभेचे मतदान २० नोव्हेंबर २०२४ रोजी, नेमक्या याच दिवसांत झाले. सीमेवरील सैनिकाला टपाली मताची सोय आहे, फडावरच्या मजुराला नाही. स्थलांतरितांना आहेत तेथून मत देता यावे म्हणून आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये दूरस्थ मतदान यंत्राचा प्रस्ताव मांडला होता; २०२४ च्या निवडणुकांत त्याचा वापर झाला नाही.

यादी शुद्ध करण्याच्या नावाखाली काय होऊ शकते, हे २०२५ साली बिहारने दाखविले. विशेष सखोल पुनरीक्षणानंतर ऑगस्टमध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रारूप यादीतून सुमारे ६५ लाख नावे गळाली. त्यांत मृत आणि दुबार नावेही होती, हे खरे. परंतु गळालेल्यांची नावे कारणांसह जाहीर करा, असे सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले, आणि ओळखीचा पुरावा म्हणून आधार कार्ड स्वीकारण्याचा आदेशही द्यावा लागला. यातील तत्त्वाचा मुद्दा असा: आपण मतदार आहोत हे सिद्ध करण्याचे ओझे नागरिकावर टाकले, की ज्याच्या घरात जन्मदाखला नाही, शाळेचा दाखला नाही, पावसाळ्यात छप्पर टिकत नाही, तो सर्वांत आधी वगळला जातो. नियम सर्वांना सारखाच असतो. तसा तो १९१९ सालीही होताच.

६. साक्षीदार आणि मतदार

नागरी हक्क आणि मताचा हक्क यांची दोन वेगळी खाती करणे चूक आहे. जामखेड तालुक्यातील खर्डा येथे २८ एप्रिल २०१४ रोजी एका सतरा वर्षांच्या दलित विद्यार्थ्याचा खून झाला. सवर्ण मुलीशी बोलल्याचा त्याच्यावर राग होता. नोव्हेंबर २०१७ मध्ये सर्व आरोपी निर्दोष सुटले, कारण अनेक साक्षीदार उलटले. साक्षीदार का उलटतो? कोर्टातून निघाल्यावर त्याला संध्याकाळी त्याच गावात परत जायचे असते. मतदारालाही तसेच जायचे असते. ज्या गावात साक्षीदार खरे बोलू शकत नाही, त्या गावात मतदार मोकळेपणाने मत देतो, असे मानणे ही आत्मवंचना आहे.

१९८९ च्या अनुसूचित जाती व जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याने हा संबंध ओळखला आहे, आणि २६ जानेवारी २०१६ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने तो अधिक स्पष्ट केला आहे. कलम ३(१) मधील चार उपकलमे प्रत्येक कार्यकर्त्याला मुखोद्गत हवीत. (एल) अन्वये मत देण्यास अथवा न देण्यास भाग पाडणे, उमेदवारी अर्ज भरू न देणे किंवा मागे घ्यायला लावणे हा गुन्हा आहे. (एम) अन्वये पंचायत किंवा नगरपालिकेच्या दलित-आदिवासी पदाधिकाऱ्याला त्याचे काम करू न देणे हा गुन्हा आहे. (एन) अन्वये मतदानानंतर मारहाण, सामाजिक किंवा आर्थिक बहिष्कार, सार्वजनिक सेवेपासून वंचित ठेवणे हे गुन्हे आहेत. (ओ) अन्वये अमुक उमेदवाराला मत दिले किंवा दिले नाही म्हणून या कायद्याखालील कोणताही अपराध करणे हा गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत. शिवाय महाराष्ट्राचा २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आहेच.

म्हणजे माझ्या विद्यार्थ्याच्या वस्तीवर जे घडले त्याला कायद्यात नाव आहे. परंतु कामाचा निरोप न येणे हे सिद्ध कसे करायचे? येथेच अमेरिकेच्या त्या पाचव्या कलमाची आठवण येते. आपला कायदा घडून गेल्यावर शिक्षा करतो. घडण्यापूर्वी थोपविण्याच्या तरतुदीही त्यात आहेत; परंतु नुकसान होणार नाही हे आधी सिद्ध करण्याचे ओझे तो कुणावर टाकीत नाही.

७. घडण्यापूर्वी

तोवर आहे त्या साधनांचा वापर तरी आपण पुरेपूर केला पाहिजे. जिल्हाधिकारी हाच जिल्हा निवडणूक अधिकारी असतो, आणि अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालील जिल्हा दक्षता व नियंत्रण समितीचा अध्यक्षही तोच. या समितीची बैठक दर तीन महिन्यांनी व्हायला हवी. धाकाखाली असलेल्या वस्त्या निवडणुकीपूर्वी हेरून ठेवण्याची पद्धत निवडणूक आयोगानेच लोकसभा-विधानसभेसाठी घालून दिली आहे. आपल्या तालुक्यातील कोणत्या वस्त्या या यादीत आहेत, आणि कोणत्या असायला हव्या होत्या, हे त्या समितीत विचारले गेले पाहिजे.

ग्रामपंचायतीची प्रभागरचना प्रारूप स्वरूपात प्रसिद्ध होते आणि हरकतींसाठी थोडे दिवस मिळतात. वस्ती दोन प्रभागांत चिरली जाते ती याच दिवसांत, आणि आपण जागे होतो ते उमेदवारी अर्जाच्या दिवशी. यादीतून नाव वगळण्यासाठी नमुना ७ चा अर्ज आला, तर संबंधित मतदाराला म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते. ती दिली गेली का, हे पाहायला वस्तीवरचा एक शिकलेला मुलगा पुरेसा आहे. टोळी फडावर जाण्यापूर्वी यादीची झडती घेणे, निकालानंतरचे दोन महिने वस्तीवर काम, पाणी, रेशन यांत काय बदल झाला याची तारीखवार नोंद ठेवणे, ही कामे सभेतील भाषणासारखी टाळ्या मिळवून देणारी नाहीत. परंतु कोर्टात आणि समितीत उभी राहते ती अशी नोंदच.

बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात, राजकीय समता आणि सामाजिक-आर्थिक विषमता यांच्या विसंगत जीवनात आपण प्रवेश करीत आहोत, असा इशारा दिला होता. ते भाषण आपण जयंतीला वाचतो. त्या विसंगतीचा मुक्काम मतदानाच्या दुसऱ्या दिवशीच्या सकाळी, वस्तीवरच्या चुलीपाशी असतो. लोकसभा आणि विधानसभांतील राखीव जागांची सध्याची मुदत जानेवारी २०३० पर्यंत आहे. ‘आता गरज काय?’ हा प्रश्न त्याआधी जोराने विचारला जाणार आहे. त्या वेळी आपल्याजवळ घोषणा पुष्कळ असतील. गावोगावच्या अशा नोंदींच्या वह्या असतील काय, हे शिकलेल्या पिढीने आजच स्वतःला विचारावे.